चौकातला फळा

माझं अक्षर बरं आहे, एवढंच निमित्त.
मिलच्या हजेरीपटावर तेवीस वर्षं नावं लिहिली.
भोंगा कायमचा थांबला तेव्हा मंडळाच्या पोरांनी
खडूची पेटी आणून दिली:
काका, आता हे तुमच्याकडे.

तेव्हापासून साखर पेठेतलं कोण गेलं
ते चौकाला माझ्या हातून कळतं.
वर 'दुःखद निधन', मग नाव, मग वय,
मग किती वाजता, कुठून.
चार ओळी. पाचवीला जागा नाही.
फळाही एकच,
म्हणून नवं नाव लिहायच्या आधी
जुनं पुसावं लागतं.
फडकं आपल्याच पेठेतल्या टॉवेलचं.
पाणी चांगलं शोषतं, नावंही.

या उन्हाळ्यात ते सुकलंच नाही.

राजमणी गुंडेटी, वय एकाहत्तर. एवढंच लिहिलं.
लिहिलं नाही की ती तेलुगूत मोजायची,
देवाशी तेलुगूत बोलायची
आणि भांडायची मात्र मराठीत,
कारण कारखान्याचा मुकादम मराठी.
दिवसाला हजार विड्या.
छाट म्हणून बाजूला काढलेल्या तो फुकट ठेवून घ्यायचा.
एकदा तिनं सुपातली सगळी छाट
त्याच्यासमोर एकेक करून चुरगाळली.
"वाईट आहे ना? मग तुला तरी कशाला?"
तिरडीवर तिची बोटं अर्धी वळलेलीच होती,
पान उचलायला निघाल्यासारखी.
सुनेनं सरळ करून पाहिली. मग सोडून दिली.

कोंगारी रंगवाल्यांची नखं निळी होती.
पोरांनी साबण लावला, लिंबू लावलं, रॉकेल लावलं.
ते निळेच गेले.

शांतव्वा हत्तुरे.
तिसऱ्या दिवशी तिच्याच बरणीतली शेंगाचटणी वाढली,
शेवटची.
मीठ जास्त झालंय, असं कुणी म्हणालं नाही.

प्रज्योत सरवदे.
चोवीस लिहायचं होतं, हात थरथरला,
आकडे उलटे पडले, बेचाळीस झाले.
त्याची आई फळ्यासमोर थांबली,
बराच वेळ वाचत राहिली.
मी फडकं उचललं तर म्हणाली,
राहू द्या.

आणि बंदेनवाज नदाफ, महापालिकेचे चावीवाले.
'अंत्ययात्रा' पुसून 'दफनविधी' लिहिलं.
आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री, कधी दोनला, कधी साडेतीनला,
वेळ फक्त त्यांना ठाऊक.
व्हॉल्व्ह फिरवला की तीच लांब लोखंडी चावी
विजेच्या खांबावर तीनदा हाणायचे.
पेठ उठायची. घागरी, बादल्या, शिव्या.
शिव्या सगळ्या त्यांनाच,
जणू धरण त्यांच्या खिशात होतं.
ते गेले त्या आठवड्यात पाणी आलं आणि गेलं,
पेठ झोपलेलीच.

काल रात्री मला झोप नव्हती.
गल्लीच्या तोंडाशी नळ सूं सूं करू लागला.
उठलो, वरवंटा घेतला,
खांबावर तीनदा मारला.
आवाज बसका आला, त्यांच्यासारखा नाही.
तरी एकेक खिडकी उजळत गेली,
आणि वरून कुणीतरी अर्धवट झोपेत ओरडलं,
"उठलो, उठलो, बंदेनवाजभाई!"

मग बराच वेळ नुसत्या बादल्यांचा आवाज.

उरलेली अर्धी कळशी घेऊन चौकात गेलो.
फळा धुवायचा होता, खडूची पुटं चढलीत.
त्यांचं नाव अजून वर होतं,
'ज'चा काना जरा वाकडा.
पाणी कोपऱ्यातल्या लिंबाला घातलं.
सकाळपर्यंत कुणीही जायचं नाही,
असं पेठेला बजावून
घरी आलो.